मानाची खुर्ची आणि प्रेक्षकाची पाठ



रंगभूमीच्या आपल्या इतिहासांत नाटककार येतात, नट येतात, गायक येतात, पडदे रंगवणारे आणि ऑर्गनवालेही येतात. प्रेक्षक येतो तो टाळी आणि वन्समोअर देण्यापुरता. तो पाच-सहा तास कशावर बसला होता, पाठीला टेकायला काही होते की नाही, पुढच्याच्या पगडीआडून त्याला शकुंतला दिसत होती की नुसता तिचा आवाज येत होता, हे कोणी फारसे विचारत नाही. आजचे व्याख्यान या बसण्याविषयी आहे. विषय हलका वाटेल, पण नाटकाहून घरी गेल्यावर ज्यांना कमरेला शेक घ्यावा लागतो त्यांना तो तसा वाटणार नाही, आणि आज या सभागृहात अशा मंडळींचे बहुमत आहे.

नाट्यगृहातली खुर्ची वाईट का असते याचे उत्तर आपण बहुधा सुताराकडे, ठेकेदाराकडे किंवा महापालिकेच्या निविदेत शोधतो. ते थोडेफार तिथे सापडतेही. पण मला वाटते, मूळ याहून जुने आहे. आपल्याकडे खुर्ची आली ती मान म्हणून. मान द्यायचा-घ्यायचा असतो. तो बसायला बरा आहे का, असे विचारायची रीत नसते.

आरंभ भरतापासून करतो, कारण प्रेक्षकाच्या आसनाचा स्वतंत्र विचार त्याने केला आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाची मापे आहेत. मध्यम आकाराचा लांबट मंडप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. याहून मोठा नको, कारण मग नटाचा आवाज विरतो आणि चेहऱ्यावरचा भाव दिसत नाही. प्रेक्षकांसाठी विटा-लाकडाची, पायऱ्यांसारखी चढत जाणारी आसने करावीत, प्रत्येक पायरी एक हात उंच, म्हणजे रंगपीठ सर्वांना दिसेल. एक हात म्हणजे सुमारे दीड फूट. आजच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण तेवढीच उंच असते. डोळ्यांचा आणि कानांचा विचार भरताने इतका चोख केला, पण पाठीविषयी अवाक्षर नाही. त्याच अध्यायात मंडपाचे चार खांब चार वर्णांच्या नावाने, वेगवेगळ्या रंगांचे सांगितले आहेत, आणि त्या खांबांच्या अनुरोधाने प्रेक्षकांनी बसावे असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. म्हणजे कोणी कुठे बसायचे हे ठरले होते, कसे बसायचे ते ज्याचे त्याने पाहावे.

ही काही आपलीच खासियत नव्हे. अथेन्सच्या डायोनायसस देवाच्या नाट्यगृहात हजारो लोक दगडी पायऱ्यांवर बसत. पुढच्या रांगेत मात्र संगमरवरी, पाठ असलेली आसने आहेत, आणि मधले, नक्षीचे आसन देवाच्या पुजाऱ्याचे. ती आजही तिथे पाहायला मिळतात. सामान्य माणूस उशी घेऊन येई. इसवी सनापूर्वी ३४६ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिप राजाचे वकील अथेन्सला आले, तेव्हा डेमॉस्थेनीसने त्यांना मानाच्या जागी बसवून त्यांच्याखाली उशा ठेवल्या, असा आरोप त्याचा प्रतिस्पर्धी एस्किनीस याने पुढे भर न्यायसभेत केला. थिओफ्रास्टसने माणसांच्या स्वभावांचे जे नमुने लिहिले त्यात खुशमस्कऱ्याची एक खूण अशी की, नाट्यगृहात तो नोकराच्या हातातून उशी घेतो आणि स्वतः धन्याखाली सरकवतो. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीचे हे चित्र आपल्या कोणत्याही उद्घाटन-समारंभाच्या पहिल्या रांगेत जसेच्या तसे पाहायला मिळेल. पैशाने उशी मिळू लागली ती नंतर. थॉमस प्लाटर हा स्विस प्रवासी १५९९ मध्ये लंडनला नाटके पाहून लिहितो की, एक पेनी दिली तर उभे राहायचे, आणखी एक दिली तर बसायचे, आणि तिसरी दिली तर उशीवर बसायचे. हा हिशेब निदान सरळ होता.

आता आपल्या घरी येऊ. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने नाटक केले, तेव्हा तिकीट नव्हते आणि प्रेक्षक हा संस्थानिकाचा पाहुणा होता. असा पाहुणा दरबारी रिवाजाने बसतो. धन्यासाठी गादी, लोड, तक्के, मानकऱ्यांसाठी गालिचा, बाकीच्यांसाठी जाजम किंवा सतरंजी. अंतर मोजायचे ते धन्यापासून. ज्याला जाजमावरही जागा नव्हती तो अंगणाच्या कडेला उभा राहून, कानावर पडेल ते ऐके. जमिनीवरच्या बैठकीला आपण ‘भारतीय बैठक’ म्हणतो. खुर्ची यायच्या आधी तिला कोणी भारतीय म्हणत असेल असे वाटत नाही. ती नुसती बैठक होती.

बैठकीचे गोडवे गाण्याची एक पद्धत आहे. तिच्यात मी जाणार नाही, कारण माझे गुडघे साक्षीला येतील. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. जमिनीवर बसलेला माणूस शरीराने मोकळा असतो. मांडी बदलतो, एक पाय लांब करतो, भिंत किंवा खांब मिळाला तर टेकतो, मूल झोपले तर त्याला शेजारी आडवे करतो, चहाला उठून जातो आणि परत येऊन त्याच घोळक्यात शिरतो. रात्री नऊ-दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी नाटके आणि त्याहून लांबणाऱ्या मैफली याच मोकळेपणावर उभ्या होत्या. गोव्यात देवळाच्या उत्सवातले नाटक ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगायला नको. तिथे चटई आधीच अंथरून जागा धरायची, घरचे सगळे तिच्यावर, आजी मध्येच डुलकी काढणार आणि नेमके पद सुरू झाले की जागी होणार.

मग खुर्ची आली. जगन्नाथ शंकरशेटांच्या पुढाकाराने मुंबईत ग्रँट रोडला नाटकशाळा झाली ती १८४६ साली, इंग्रजी थाटाची. बॉक्स, गॅलरी आणि खाली पिट अशी तिची मांडणी. १८५३ मध्ये भाव्यांची मंडळी तिथे खेळ करायला गेली. सांगलीला जे प्रेक्षक पाहुणे होते ते इथे गिऱ्हाईक झाले, आणि जागेला प्रतीप्रमाणे दर लागला.

या वेळी खुर्ची म्हणजे काय होते ते नीट पाहिले पाहिजे. शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, वस्तू सर्रास झाली इंग्रजांच्या कचेऱ्यांतून. साहेबापुढे एतद्देशीयाने उभे राहायचे हा नियम, बसायला मिळणे हा अपवाद. उत्तर हिंदुस्थानात इंग्रज अधिकारी प्रतिष्ठितांना ‘कुर्सीनशीन’ असा रीतसर दाखला देत. साहेबाला भेटायला गेल्यावर या इसमास खुर्ची द्यावी, एवढाच त्याचा अर्थ, आणि लोक तो दाखला जपून ठेवत. मराठीत आजही ‘खुर्ची गेली’ म्हटले की फर्निचरविषयी बोलणे चालले आहे असे कोणाला वाटत नाही.

अशा काळात नाटक मंडळीने जाहिरातीत ‘खुर्ची’ नावाचा वर्ग काढला. ज्या गोष्टीसाठी कचेरीत दाखला लागे ती गोष्ट थिएटरच्या खिडकीवर कोणालाही, जात न विचारता, पैसे मोजून मिळू लागली. मला ही आपल्या सामाजिक इतिहासातली लहान पण खरी क्रांती वाटते. कारकून, शाळामास्तर, दुकानदार हे पहिल्यांदा सार्वजनिक ठिकाणी खुर्चीवर बसले ते पुष्कळदा नाटकात. अशा माणसाने खुर्चीची पाठ सरळसोट आहे, वेताची विण मांडीला रुतते, हातांना टेकण नाही, अशी तक्रार करावी ही अपेक्षाच चूक आहे. आणि तक्रार येत नाही म्हटल्यावर मंडळीने तरी खर्च का करावा? फळीवर खिळे ठोकून केलेले बाकडे ‘खुर्ची’ म्हणून खपत होते. राहिले ढेकूण. त्यांचा उल्लेख टाळून मराठी रंगभूमीचा प्रामाणिक इतिहास लिहिता येणार नाही. लाकडाच्या सांध्यांत आणि वेताच्या विणीत त्यांच्या पिढ्या नांदल्या. पिटात आणि खुर्चीत त्यांनी मात्र भेद केला नाही.

१८८० हे साल या दृष्टीने मजेचे आहे. त्या वर्षी ३१ जानेवारीला लंडनच्या हेमार्केट थिएटरात बँक्रॉफ्ट दांपत्याने पिट काढून टाकून तिथवर महागड्या आरामशीर खुर्च्या आणल्या, आणि पहिल्याच रात्री पिटाच्या प्रेक्षकांनी एवढा गोंधळ घातला की नाटक बराच वेळ सुरू होऊ शकले नाही. पिटातला माणूस स्वस्तात, बाकावर, पण रंगमंचाच्या जवळ बसे. खेळ पडणार की चालणार हे तो ठरवी. मऊ खुर्चीने त्याला मागे आणि वर रेटले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतलाचे पहिले चार अंक केले. आपल्याकडे पिट तेव्हा कुठे रुजत होता. पुढे शब्दच असा रुजला की पिट नाहीसा होऊन कित्येक वर्षे लोटली तरी समीक्षक ‘पिटातल्या प्रेक्षकासाठी घेतलेल्या जागा’ असे नाक मुरडून लिहीत राहिले. गाणे कुठे उचलून धरायचे हे ठरवण्यात त्या प्रेक्षकाचा वाटा मोठा होता, आणि सर्वांत वाईट जागी तोच बसत होता. बायकांची जागा निराळी, बहुधा वर किंवा एका कडेला. तिथून रंगमंच तिरपा दिसे. नाटकातली स्त्री म्हणजे पुरुष, आणि खरी स्त्री गॅलरीच्या कठड्याआड, अशी ती व्यवस्था.

बडोद्याचा विचार करताना मला १९१६ हे साल आठवते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्या वर्षी मार्चमध्ये येथे भरली, आणि डिसेंबरमध्ये गंधर्व नाटक मंडळीने ‘स्वयंवर’ येथेच रंगमंचावर आणले. एकाच गावात, एकाच वर्षी, दरबारी गाणे विद्वानांच्या सभेत आले आणि नाट्यगीत तिकिटाच्या प्रेक्षकांत. दरबारच्या कलावंत खात्यातला गवय्या आणि थिएटरातला नट यांचे श्रोते आता पुष्कळसे तेच होते. बदलत होती ती त्यांची बसायची तऱ्हा. याच्या वीस वर्षे आधी पलुसकर मिरजेहून निघून बडोद्यास आले होते, आणि पुढे काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. नंतरच्या काळात हिराबाई बडोदेकरांनी तिकिटाच्या मैफलीत स्त्री-गायिकेला प्रतिष्ठेची जागा मिळवून दिली. बैठकीतून जलसा झाला, जलशात खुर्च्या आल्या, तरी गाणारा जमिनीवरच राहिला. आपल्या संगीताच्या कार्यक्रमात कलावंत मांडी घालून आणि श्रोता पाय सोडून, असा जो उलटा देखावा असतो तो तेव्हापासूनचा. पूर्वी दोघे एका पातळीवर होते आणि श्रोत्याची मान गायकाच्या तोंडासमोर होती. आता गायकाला चौथऱ्यावर चढवावे लागते, आणि पहिल्या तीन रांगांची मान दोन तास वर ताणलेली राहते.

बालगंधर्वांच्या मंडळीचा खर्च सर्वश्रुत आहे. रंगमंचावर उंची गालिचे, भरजरी शालू, अत्तराचा घमघमाट. कर्ज झाले तरी त्यात काटकसर नाही. प्रेक्षागृहात अत्तराचा वास पोहोचे, गालिचा पोहोचत नसे. हे मी दोष म्हणून सांगत नाही. प्रेक्षकालाही तेच हवे होते. समोरचे वैभव पाहण्यासाठी स्वतः फळीवर बसणे हा त्याच्या भक्तीचा भाग होता, आणि देवळात कोणी उशी मागत नाही.

तिसाव्या दशकात बोलपट आला आणि एकामागून एक नाटकगृहे सिनेमाची झाली. खुर्च्या ओळीने एकमेकींना जोडून जमिनीत स्क्रूने आवळल्या गेल्या. नाटक आपल्याच जुन्या घरी सकाळच्या वेळी भाडेकरू म्हणून परत आले तेव्हा प्रेक्षकाला ना सरकता येत होते, ना पाय पसरता येत होते. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून नाटक आखूड होत गेले, त्याची कारणे इब्सेनपासून बोलपटापर्यंत पुष्कळ आहेत. पण घट्ट आवळलेल्या खुर्चीत माणूस तीन तासांपलीकडे बसत नाही, हेही एक कारण धरायला हरकत नाही.

खुर्ची वाईट असणे म्हणजे नेहमी प्रेक्षकाची हेळसांड, असेही नाही. जर्मनीत बायरॉइट येथे वाग्नरने १८७६ मध्ये आपले संगीतनाट्यगृह उघडले. तिथली आसने लाकडी आणि अरुंद, हातांना टेकण नाही, मध्ये वाट नाही, आणि खेळ पाच-सहा तासांचे. लोक वर्षानुवर्षे उशी घेऊन जात. पण तिथे बाजूचे बॉक्स नाहीत. राजेरजवाड्यांचे बॉक्स सर्वांच्या मागे, आणि सुमारे १९०० जागा एकाच चढत्या उतारावर, जवळजवळ प्रत्येकाला रंगमंच सारखा दिसेल अशा. तिथे त्रास सर्वांना समान वाटला आहे, आणि आवाज असा येतो की त्यासाठी लोक त्रास काढतात. आपण त्रास ठेवला, वाटणी ठेवली नाही.

आणि उशीचा संबंध केवळ बसण्याशी नाही, ऐकण्याशीही आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले, कारण बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण पदार्थविज्ञानाच्या अध्यापकावर ते दुरुस्त करायची कामगिरी आली. तो रात्री, रस्ते शांत झाल्यावर, शेजारच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांच्या उशा वाहून आणी, व्याख्यानगृहात अंथरी, ऑर्गनची नळी वाजवून नाद विरायला किती वेळ लागतो ते मोजी, आणि सकाळच्या आत उशा परत नेऊन ठेवी. उशा वाढवल्या की घुमारा कमी होई. यातून त्याने जे सूत्र काढले त्यावर सभागृहांच्या ध्वनीचे सगळे शास्त्र उभे आहे, आणि १९०० मध्ये बॉस्टनचे सिंफनी हॉल त्याच सूत्राने बांधले गेले. गादीची खुर्ची रिकामी असली तरी माणसाएवढा आवाज शोषते, म्हणून अर्धे भरलेले गृहही नीट ऐकू येते. खुर्चीवरची गादी फाटली आणि तिच्या जागी नुसता पत्रा किंवा प्लास्टिक आले की श्रोत्याची कंबरच नव्हे, गायकाचा षड्जही बिघडतो. आपल्याकडे दुरुस्तीचा खर्च मंजूर करणाऱ्यांना हे एकदा कोणीतरी समजावून सांगायला हवे.

स्वातंत्र्यानंतर नाट्यगृहे महापालिकांनी आणि सरकारने बांधली. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि १९६८ मध्ये ते उघडले. पणजीला चार्ल्स कोरियांची कला अकादमी १९८३ मध्ये झाली. तिच्या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी बॉक्समध्ये बसलेले प्रेक्षक रंगवले. ते प्रेक्षक तेवढे कायमचे सुखात बसले आहेत. ही बांधकामे ज्या पिढीने केली तिला रंगभूमीविषयी खरे प्रेम होते. मापेही होती. सभागृहांविषयीचे भारतीय मानक १९६३ चे आहे. खुर्चीची रुंदी ४५ ते ५६ सेंटिमीटर, आणि एका रांगेच्या पाठीपासून पुढच्या रांगेच्या पाठीपर्यंत किमान ८५ सेंटिमीटर. अधिक आराम हवा असेल तर १०६ पर्यंत, असे त्यात म्हटले आहे. आपल्या बहुतेक गृहांत किमान हेच कमाल समजले गेले. ८५ सेंटिमीटरमधून खुर्चीची खोली वजा करा. जे उरते त्यात साठी ओलांडलेल्या माणसाचा गुडघा बसत नाही, आणि उशिरा येणाऱ्याला वाट देण्यासाठी अख्ख्या रांगेला उठून उभे राहावे लागते.

पण याच गृहांत पहिल्या रांगेकडे पाहा. तिथे सोफे आहेत. रुंद, मऊ, पुढे पाय पसरायला दोन रांगांची जागा, आणि त्यांवर ‘राखीव’ असे कागद. सांगलीच्या वाड्यातला लोड-तक्क्या कुठे गेला असे कोणी विचारले तर तो हा असा जागेवरच आहे. मान्यवर दीपप्रज्वलनानंतर निघून जातात, सोफे रिकामे राहतात, आणि तिकीट काढून आलेली पंचाहत्तर वर्षांची बाई नवव्या रांगेत मांडी आखडून बसते. चाकाच्या खुर्चीत येणाऱ्याला तर आपल्याकडे रांगच नाही. तो मधल्या वाटेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात थांबतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि सांस्कृतिक कार्यक्रमांत त्यांना सहभागी होता यावे असे तो स्पष्ट म्हणतो.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या गावांत हा प्रश्न जास्त बोचतो. पुण्या-मुंबईत एक प्रेक्षक घरी बसला तर दुसरा येतो. इथे मराठी नाटकाला जे तीनशे-साडेतीनशे लोक नियमाने येतात त्यांचीच वये दरवर्षी एकाने वाढतात, आणि त्यांची मुले दुसऱ्या गावी, पुष्कळदा दुसऱ्या भाषेत नांदतात. गेल्या काही वर्षांत ज्यांनी वर्गणी भरूनही येणे सोडले अशांपैकी काहींना मी भेटलो. नाटके वाईट असतात असे एकानेच सांगितले. बाकीच्यांनी जिना, अंधारातल्या पायऱ्या, मध्यंतरातली स्वच्छतागृहाची रांग आणि खुर्ची ही कारणे दिली. एक गृहस्थ म्हणाले, “पहिला अंक मी नाटक बघतो, दुसऱ्यात घड्याळ.”

तेव्हा कार्यकारिणीपुढे दोन गोष्टी ठेवतो. आपण भाड्याने घेतो त्या गृहाचे मालक आपण नाही, पण पुढच्या हंगामाचा करार करताना पहिली रांग आपल्या ताब्यात मागता येते. तिथले सोफे हलवून दोन रांगा करता येतील. नाही हलवले तर त्यांवर पाहुण्यांऐवजी पंचाहत्तरीपुढच्या सभासदांची नावे लिहिता येतील, आणि टोकाला एक चाकाची खुर्ची मावेल एवढी जागा मोकळी ठेवता येईल. दुसरी गोष्ट उशांची. शंभर उशा, कापसाच्या, धुता येतील अशा अभ्य्राच्या, दारात ठेवाव्यात आणि ज्याला हवी त्याने उचलावी. त्यांचे भाडे घेऊ नये. खर्चाचा अंदाज मी खजिनदारांकडे दिला आहे. गाद्यांच्या दुकानदाराने अभ्रे वेगळे धरले आहेत, ते आपल्या सभासद भगिनी शिवून देणार असतील तर रक्कम बरीच खाली येईल.